आधी प्लग काढा!

२३ सप्टेंबर २०२३ ची पहाट नागपूरकर सहसा विसरणार नाहीत. त्या रात्री काही तासांतच शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळला. अंबाझरी तलाव भरून वाहू लागला. नाग नदीचे पाणी काठ ओलांडून वस्त्यांत शिरले. काही जणांना प्राण गमवावे लागले. हजारो घरांत पाणी आणि चिखल साचला. पाणी ओसरल्यावर लोकांनी भांडी घासली, कपडे धुऊन वाळत घातले. पण भिजलेल्या टीव्हीचे, रेडिओचे, संगणकाचे काय करायचे?

अशा वेळी पहिला मोह होतो तो बटण दाबून पाहण्याचा. ‘चालतो का, बघू या!’ असे कोणीतरी म्हणतेच. पण हाच मोह टाळायला हवा. का, ते समजून घेऊ या.

रेडिओ किंवा रिमोट उघडला, की आत बहुधा एक हिरवी पाटी दिसते. तिला सर्किट बोर्ड म्हणतात. तिच्यावर तांब्याच्या बारीक पट्ट्या असतात. या पट्ट्या म्हणजे विजेचे रस्ते. दोन रस्त्यांमधले अंतर पुष्कळदा एक मिलिमीटरपेक्षाही कमी असते. शुद्ध पाण्यातून वीज फार कमी वाहते. पुराच्या पाण्यात मात्र क्षार आणि गटाराची घाण असते. अशा पाण्यातून वीज सहज वाहते. ती आपला रस्ता सोडून भलतीकडे जाते आणि एखादा भाग जळून जातो. ओलाव्यात वीज वाहत राहिली, तर तांबेही हळूहळू विरघळते व पट्टी तुटते. म्हणजे बोर्डाचा खरा शत्रू नुसते पाणी नाही. पाणी, घाण आणि वीज हे तिघे एकत्र आले, की बोर्डाचे नुकसान होते. वीज बंद ठेवली आणि घाण काढून टाकली, तर भिजलेला बोर्डही अनेकदा वाचतो.

पूर आला नाही, तरी हे ज्ञान उपयोगी पडते. नागपूरच्या उन्हाळ्यात घरभर धूळ येते. ती बोर्डावर बसते. पावसाळ्यात हवा दमट झाली, की ती धूळ ओलावा धरून ठेवते. मग रिमोटचे बटण दाबूनही काम होत नाही.

आता एक महत्त्वाची गोष्ट. प्रत्येक वस्तू घरी उघडायची नसते. घरातली वीज २३० व्होल्टची असते. पण टीव्हीच्या आतल्या कपॅसिटरमध्ये ती सुमारे ३२५ व्होल्टपर्यंत साठते. प्लग काढल्यावरही ती काही काळ तिथेच राहते. मायक्रोवेव्ह ओव्हनच्या कपॅसिटरमध्ये तर दोन हजार व्होल्टच्या आसपास वीज असते. तिचा धक्का जीव घेऊ शकतो. मोबाइलमधली लिथियम बॅटरी टोचली किंवा वाकली, तर पेट घेऊ शकते. म्हणून टीव्ही, ओव्हन, इन्व्हर्टर, चार्जर आणि मोबाइल जाणकार मिस्त्रीकडेच न्या. तुम्ही फक्त सेलवर चालणाऱ्या लहान वस्तू हाती घ्या, जसे रिमोट, खेळणे किंवा छोटा रेडिओ. तेही घरातले मोठे माणूस जवळ असतानाच.

सफाई अशी करा :

१. आधी सेल काढा. सेल गळून पांढरी भुकटी जमली असेल, तर तिला उघड्या हाताने शिवू नका. ती कातडी भाजते. रबरी हातमोजे घाला. डोळ्यांवर चष्मा असू द्या.

२. स्क्रू काढून वाटीत ठेवा. बोर्ड कडेला धरून उचला. त्याआधी नळाच्या लोखंडी पाइपला हात लावा. कोरड्या हवेत आपल्या अंगावर स्थिर विद्युत साठते. तिच्या लहानशा ठिणगीनेही नाजूक भाग बिघडतात.

३. सुकी धूळ मऊ ब्रशने एकाच दिशेने झाडा. तोंडाने फुंकू नका; फुंकरीबरोबर थुंकीचे कण उडतात.

४. चिखल असेल, तर बॅटरीत घालायचे डिस्टिल्ड पाणी वापरा आणि जुन्या टूथब्रशने हलकेच घासा. आम्लाची बाटली चुकून उचलू नका. स्पीकर आणि काचेचा पडदा मात्र पाण्यात बुडवू नका.

५. शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलचे काही थेंब ब्रशवर घेऊन बोर्ड पुसा. ते पाण्यात मिसळते आणि लवकर उडून जाते. पण सावधान! १२ अंश सेल्सिअसच्या वरच त्याची वाफ पेट घेऊ शकते, आणि आपल्याकडे हिवाळ्याच्या दिवसांतही दुपारी त्याहून जास्त ऊब असते. म्हणून खिडक्या उघडा. चूल, शेगडी, अगरबत्ती दूर ठेवा. पेट्रोल, रॉकेल, थिनर तर मुळीच वापरू नका.

६. बोर्ड सावलीत, पंख्याच्या वाऱ्यावर दोन दिवस वाळू द्या. मे महिन्याच्या उन्हात किंवा तव्यावर वाळवू नका. तांदळातही पुरू नका. तांदळाची पूड आत शिरते.

७. काम झाल्यावर साबणाने हात धुवा. जुन्या बोर्डांच्या सोल्डरमध्ये शिसे असते आणि शिसे विषारी असते.

दोन दिवसांनी सेल घाला आणि मग बटण दाबा. रेडिओ बोलू लागला, तर आनंदच आहे. नाही बोलला, तरी निराश होऊ नका. तो कचऱ्यात न टाकता मिस्त्रीला दाखवा. आणि मोठी आपत्ती आली, तर एवढे लक्षात ठेवा : घरात पाणी शिरत असेल आणि मुख्य स्विचपर्यंत कोरड्या पायांनी पोहोचता येत असेल, तरच मोठ्यांना तो बंद करायला सांगा. नाहीतर बाहेर पडा. रेडिओ नवा आणता येतो.

शब्दार्थ
मोह : इच्छा, ओढ
ओलावा : ओलसरपणा
क्षार : मिठासारखे पदार्थ
जाणकार : माहितगार
आपत्ती : संकट

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा :
(अ) सर्किट बोर्डावरच्या पट्ट्या कोणत्या धातूच्या असतात?
(आ) बोर्ड तांदळात का पुरू नये?
२. कारणे द्या : भिजलेल्या रेडिओचे बटण लगेच दाबू नये.
३. विरुद्धार्थी शब्द लिहा : सुका, शत्रू, आनंद.
४. तुमच्या घरातल्या विजेच्या वस्तूंची यादी करा. कोणत्या वस्तू घरी उघडता येतील आणि कोणत्या मिस्त्रीकडेच न्याव्यात, ते लिहा.