चिंतेचे रवंथ आणि रस्त्यावरची माणसे

एखादी अडचण मनात घर करून बसली की बाहेर काहीही बदललेले नसताना ती दिवसेंदिवस मोठी होत जाते. मुलीचे लग्न जमत नाही, भावाशी वाटणीवरून बोलणे बंद झाले आहे, बढतीत डावलले गेले, रिपोर्टमध्ये साखर वाढलेली निघाली. विषय कोणताही असो, मन त्याच्याभोवती फिरत राहते. ‘असे का झाले’, ‘आपल्याच वाट्याला का’, ‘आता पुढे काय’ हे प्रश्न आलटून पालटून येतात आणि उत्तर एकाचेही मिळत नाही. याला चिंतेचे रवंथ म्हणता येईल. विचार करणे वेगळे आणि रवंथ करणे वेगळे. विचाराच्या शेवटी काहीतरी ठरते: बँकेत जायचे, वकिलाला फोन करायचा, गोळी सुरू करायची. रवंथाच्या शेवटी फक्त रात्रीचे दोन वाजलेले असतात.

असे रवंथ करणारी माणसे डॉक्टरकडे येतात ती बहुधा मनाची तक्रार घेऊन नव्हे. डोके जड वाटते, पित्त उसळते, मान आखडली आहे, छातीत धडधडते, पहाटे जाग येते ती येतेच. ईसीजी नीट असतो, रक्ताच्या तपासण्याही नीट असतात, आणि ‘तुम्हाला काही झालेले नाही’ हे ऐकून रुग्णाला बरे वाटण्याऐवजी अपमान झाल्यासारखे वाटते. ते स्वाभाविक आहे, कारण त्रास खरा असतो. मन सतत धोक्याच्या पवित्र्यात राहिले की ॲड्रिनॅलिन आणि कॉर्टिसॉल ही संप्रेरके गरजेपेक्षा जास्त वेळ चढी राहतात. झोप, पचन, रक्तदाब आणि स्नायूंचा ताण या सगळ्यांवर त्याचा परिणाम होतो.

रवंथामुळे दुःख लांबते याचा एक चांगला पुरावा अपघातानेच हाती आला. कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड विद्यापीठात सुझन नोलेन-होक्सेमा यांनी विद्यार्थ्यांकडून मनःस्थितीविषयीच्या प्रश्नावल्या भरून घेतल्या होत्या. त्यानंतर दोन आठवड्यांनी, १७ ऑक्टोबर १९८९ रोजी, त्या परिसरात लोमा प्रिएटाचा भूकंप झाला. त्याच विद्यार्थ्यांना पुन्हा तपासले तेव्हा, मुळात तेच ते उगाळण्याची सवय असलेल्यांत भूकंपानंतरचे नैराश्य जास्त आढळले. भूकंपाच्या आधी त्यांची मनःस्थिती कशी होती, याचा हिशेब वजा करूनही हा फरक उरला.

स्वतःच्या अडचणीत माणूस इतका अडकतो, पण दुसऱ्याची अडचण असली की त्याच माणसाला सगळे स्वच्छ दिसते. शेजारच्यांच्या वाटणीच्या भांडणात दोन्ही बाजू समजावून सांगणारे गृहस्थ स्वतःच्या भावाचा फोन उचलत नाहीत. इगोर ग्रॉसमन आणि ईथन क्रॉस यांनी २०१४ साली याच गोष्टीचा प्रयोग केला. जोडीदाराने विश्वासघात केला आहे अशी कल्पना काहींना स्वतःबद्दल करायला सांगितली, तर काहींना मित्राबद्दल. मित्राच्या बाबतीत लोकांचा विचार अधिक समंजस निघाला: आपल्याला सगळे माहीत नाही, पुढे परिस्थिती बदलू शकते, मध्यम मार्ग असू शकतो, हे त्यांना सुचले. मात्र स्वतःची गोष्ट परक्याच्या नजरेने पाहायला सांगितली तेव्हा हा फरक मिटला. म्हणजे समज माणसाजवळ असतेच, स्वतःच्या अडचणीच्या तो फार जवळ उभा असतो इतकेच. प्रश्न थोडे अंतर मिळवण्याचा आहे, आणि ते अंतर घरात बसून, डोळे मिटून, निग्रहाने मिळवणे बहुतेकांना जमत नाही.

येथे रोजची बारीकसारीक कामे उपयोगी पडतात. माणसाचे लक्ष एका वेळी थोड्याच गोष्टी धरू शकते. कोथिंबिरीची जुडी पारखून घेताना, रिक्षावाल्याला द्यायचे सुटे पैसे मोजताना, रस्ता ओलांडताना मनाला रवंथ अर्धवट सोडावे लागते. हा विसावा काही सेकंदांचाच असतो, पण दिवसातून असे अनेक विसावे मिळाले तर अडचणीचा सलग पहारा मोडतो. ‘मन रमव’ या सल्ल्यातून हे साधत नाही, कारण रमण्यासाठी आधी मन हवे असते. काम करायला ते लागत नाही. गोव्यात ‘संगत’ या संस्थेने विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांच्या पुढाकाराने प्राथमिक आरोग्य केंद्रांत नैराश्याच्या रुग्णांसाठी जी समुपदेशन पद्धत वापरली, तिचा गाभा हाच आहे. उत्साह येण्याची वाट न पाहता ठरवलेले छोटे काम आधी करायचे, मनःस्थिती मागून येते. समुपदेशन करणारे डॉक्टर नव्हते, प्रशिक्षण दिलेली साधी माणसे होती. नेहमीच्या उपचाराला या भेटींची जोड दिल्यावर तीव्र नैराश्याच्या रुग्णांनाही फायदा झाल्याचे ‘लॅन्सेट’मध्ये २०१७ साली प्रसिद्ध झाले.

अशी कामे पायी जाऊन करण्याचे आणखी एक महत्त्व आहे. ग्रेगरी ब्रॅटमन यांच्या २०१५ च्या अभ्यासात नव्वद मिनिटे झाडीतून चाललेल्यांचे रवंथ कमी झाले, तर रहदारीच्या रस्त्याने तितकेच चाललेल्यांचे झाले नाही. झाडी सगळ्यांच्या नशिबी नसते हे खरे, आणि नव्वद मिनिटे तर त्याहून नसतात. गावाबाहेरचा रस्ता, टेकडी, तळ्याचा काठ किंवा निदान मोठी झाडे असलेली गल्ली निवडता आली तर निवडावी. नाहीच जमले तर बाजाराचा रस्ता चालेल. तिथे माणसे तरी भेटतात.

समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ साली दाखवून दिले की नोकरीसारख्या बाबतीत नवी माहिती जिवलगांपेक्षा तोंडओळखीच्या माणसांकडून अधिक मिळते. जिवलगांना ठाऊक असते तेच आपल्यालाही ठाऊक असते. मनाच्या आरोग्याबाबतही तोंडओळखीला किंमत आहे. २०१४ साली जिलियन सँडस्ट्रॉम आणि एलिझाबेथ डन यांनी कॅनडात कॉफीच्या दुकानात काही ग्राहकांना काउंटरवरच्या माणसाशी हसून दोन शब्द बोलायला सांगितले आणि काहींना नुसते झटपट काम उरकायला. बोललेल्यांना बाहेर पडताना अधिक बरे वाटले. त्याच वर्षी शिकागोच्या लोकल गाड्यांतल्या प्रवाशांवर निकोलस एप्ली आणि ज्युलियाना श्रोडर यांनी प्रयोग केला. अनोळखी सहप्रवाशाशी बोलणे नकोसे होईल असा लोकांचा अंदाज होता. प्रत्यक्षात बोललेल्यांचा प्रवास गप्प बसलेल्यांपेक्षा सुखाचा झाला. मुंबईच्या लोकलमध्ये रोजच्या डब्यातला ग्रुप असलेल्यांना हे सांगायला शिकागोला जायची गरज पडली नसती.

परक्याचा उपयोग होतो, कारण तो परका असतो. घरची माणसे ‘आज बरे वाटते का’ असे विचारतात, तेव्हा विचारण्यातच अडचणीची आठवण असते. त्यांच्याजवळ आपला सगळा इतिहास असतो, सल्ला असतो, थोडा धाकही असतो. इस्त्रीवाला मात्र शर्ट किती आहेत एवढेच विचारतो. त्याच्यापुढे माणूस दहा मिनिटांपुरता घटस्फोटित, कर्जबाजारी किंवा रुग्ण नसतो, फक्त गिऱ्हाईक असतो.

कधी कधी अशा भेटीत याहून जास्त काही घडते. मधुमेहाच्या बाह्यरुग्ण विभागातल्या बाकावर ते वारंवार दिसते. पन्नाशीच्या बाईंना डॉक्टरांनी इन्सुलिन सुरू करायला सांगितलेले असते. त्यांच्या लेखी इन्सुलिन म्हणजे शेवटची पायरी. दोनतीन भेटींत समजावूनही त्या कागद हातात धरून बसून राहतात. शेजारी कॉलेजमधली मुलगी येऊन टेकते. तिचा टाइप वन मधुमेह लहानपणापासूनचा. खांद्याने कानाशी धरलेल्या फोनवर ती मैत्रिणीला झेरॉक्सचे पैसे कोणी द्यायचे ते सांगत असते. बोलता बोलताच पेनला नवी सुई लावते, डायल फिरवून युनिट धरते, पोटावरची कातडी चिमटीत घेते, बटण दाबते, मनात दहापर्यंत मोजते, पेन पिशवीत टाकते आणि डबा उघडते. बाई बघत राहतात. ‘दुखतं का गं?’ ‘नाही हो काकू, मुंगी चावल्यासारखं. भाजी घेता थोडी?’ आत गेल्यावर बाई डॉक्टरांना एवढेच विचारतात की सकाळचे इन्सुलिन चहाच्या आधी की नंतर. प्रश्न ‘आपल्याच वाट्याला का’ पासून ‘कधी आणि कसे’ पर्यंत आलेला असतो, आणि मुलीला आपण काही केले याचा पत्ताही नसतो.

इथे बाईंनी स्वतःला ‘हिच्यापेक्षा आपले बरे’ असे समजावलेले नसते. त्यांना दिसलेले असते ते हे की ज्या गोष्टीला त्या शेवट समजत होत्या, ती कोणाच्या तरी दिवसात दोन मिनिटांत उरकली जाते. समूह उपचाराचा अभ्यास करणारे मनोविकारतज्ज्ञ आयर्विन यालोम यांनी ‘आपण एकटे नाही’ या जाणिवेला गटातून मिळणाऱ्या फायद्यांत महत्त्वाचे स्थान दिले आहे. पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रातले मित्रांचे गट किंवा अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या सभा याच जाणिवेवर उभ्या आहेत.

तुलनेचे औषध मात्र जपून द्यावे लागते. स्तनाच्या कर्करोगाच्या रुग्णांच्या मुलाखतींत शेली टेलर यांच्या गटाला आढळले की जवळजवळ प्रत्येकीने आपल्यापेक्षा वाईट स्थितीतली कोणीतरी शोधलेली होती. फक्त गाठ काढलेलीला पूर्ण स्तन काढलेलीची कणव येत होती, वयस्करीला तरुणीची, विवाहितेला एकटीची. ही तुलना त्यांनी आपापली केली होती. तीच दुसऱ्याने लादली की उलटते. ‘लोकांचे बघ, तुझे काहीच नाही’ हे ऐकणाऱ्याच्या मूळ दुःखात अपराधाची भर पडते. शिवाय जास्त आजारी माणूस पाहून धीर येईलच असे नाही. मूत्रपिंडाचा विकार नुकताच कळलेल्याला डायलिसिसचा वॉर्ड दाखवला तर त्याला त्यात स्वतःचे भविष्य दिसते. नातेवाइकांनी हे वाक्य सोडूनच द्यावे.

किसा गोतमीची बौद्ध कथा या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखी आहे. मेलेले मूल कडेवर घेऊन ती औषध मागत श्रावस्तीत फिरत होती. ज्या घरात कधी कोणी मेले नाही अशा घरातून मोहरी आण, असे बुद्धांनी तिला सांगितले. प्रत्येक दारात मोहरी होती, पण तसे घर नव्हते. मृत्यू सर्वांना आहे, हे वाक्य बुद्ध जागेवरच सांगू शकले असते आणि तिने ते ऐकले नसते. त्यांनी तिला काम दिले, पायी पाठवले, लोकांशी बोलायला लावले. उपचार म्हणून पाहिले तर ही चिठ्ठी आजही नेमकी ठरते.

अडचण अशी की आजच्या शहरात मोहरी दहा मिनिटांत दारात येते. किराणा, औषध, वीजबिल, बँक हे सगळे फोनवर होते, आणि घरून काम करणाऱ्याचा अख्खा आठवडा एकाही परक्याशी न बोलता जाऊ शकतो. म्हणून रोजचे एक काम मुद्दाम पायी जाऊन करावे: दूध आणणे, पासबुक भरणे, चपलेला टाका घालून घेणे. वेळ ठरलेली असावी, म्हणजे तीच माणसे पुन्हा भेटतात आणि तोंडओळख वाढते. फोन खिशात राहावा. आपली कहाणी सांगायची गरज नाही; ‘आज मेथी कुठली?’ एवढे पुरते. सकाळी उजेडात गेले तर झोपेचे घड्याळही ताळ्यावर येते. चिंतेसाठी दिवसात वीस ते तीस मिनिटांची वेळ राखून ठेवावी, झोपायच्या बरेच आधी. एरवी विचार आला की तो त्या वेळेवर ढकलावा. त्या वेळात वहीत स्वतःचे नाव घालून, ओळखीच्या माणसाबद्दल लिहावे तसे लिहिले तर अंतर मिळायला मदत होते.

ज्येष्ठांपैकी कोणी कट्ट्यावर जाणे सोडले तर ते उदास आहेत असे धरून चालण्याआधी कान तपासावेत. ऐकू न आल्याने चुकीचे उत्तर दिले आणि लोक हसले, की माणूस घरात बसू लागतो. गुडघे आणि लघवीवरचा ताबा हीदेखील अशीच न सांगितली जाणारी कारणे. घरच्यांची पाळत असलेल्या सुनेला किंवा माणसांची भीती वाटणाऱ्या तरुणाला ‘बाहेर पड’ म्हणणे सोपे नाही; तिथे एका विश्वासाच्या माणसासोबत सुरुवात करावी.

काही अडचणी पाहण्याच्या कोनातून लहान होत नाहीत आणि होऊही नयेत. घरात मारहाण होत असेल तर दृष्टिकोन बदलण्याचा सल्ला देणे हा गुन्ह्याला हातभार ठरतो. तिथे १८१ ही महिला हेल्पलाइन किंवा ११२ हा क्रमांक लावावा. सावकाराच्या तगाद्याला कायद्याचा आणि हिशेबाचा सल्ला लागतो.

तसेच नैराश्य हा आजार आहे. दोन आठवडे किंवा अधिक काळ, जवळजवळ रोज, दिवसाचा बहुतेक वेळ उदास वाटणे किंवा कशातच रस न वाटणे, त्यासोबत झोप किंवा भूक बिघडणे, थकवा, स्वतःला कवडीमोल समजणे, लक्ष न लागणे अशी लक्षणे असतील तर डॉक्टरांना भेटावे. ते थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-१२ तपासतील, कारण त्यांच्या बिघाडानेही माणूस असाच मलूल होतो. मरणाचे विचार येत असतील तर दोन आठवडे थांबू नये. टेली-मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक निःशुल्क आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीतही बोलता येते. नैराश्यावरच्या गोळ्यांचा गुण दिसायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात, आणि पहिल्या दिवसांत मळमळ किंवा बेचैनी होऊ शकते. तेवढ्यावरून त्या स्वतःहून बंद करू नयेत. या काळात बाहेरची फेरी पूर्ण थांबवण्यापेक्षा छोटी करावी, आणि पुढच्या तपासणीला जाताना झोप, भूक व फेरी यांची रोजची एका ओळीची नोंद सोबत न्यावी.