गाणं शिकून पुढे काय?

प्रश्न : सराफा बाजारात आमचं घर, खाली वडिलांचं दागिने घडवण्याचं दुकान. यंदा मी गायनात पदवी घेतली. भेटेल तो विचारतो, "आता पुढे काय?" पूर्वी ग्वाल्हेरात गाणं शिकलेल्या सगळ्यांनाच दरबारात जागा मिळायची का?
— एक वाचक, लष्कर, ग्वाल्हेर

उत्तर : नाही. हद्दू खाँ, हस्सू खाँ या गवयांना ग्वाल्हेरच्या शिंद्यांचा आश्रय मिळाला, पण दरबारातल्या जागा मोजक्याच. बाकीच्यांना हाच प्रश्न पडे.

बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी हस्सू खाँचे शिष्य वासुदेवबुवा जोशी यांच्याकडे विद्या घेतली आणि ती महाराष्ट्रात नेली. मुंबईत त्यांनी संगीताचं मासिकही काढून पाहिलं. स्थैर्य मात्र मिरज-इचलकरंजीकडे आल्यावर लाभलं. त्यांचे शिष्य विष्णु दिगंबर पलुसकर १८९६ मध्ये मिरजेहून निघाले तेव्हा जेमतेम चोविशीचे होते. राजेरजवाड्यांच्या मर्जीवर न राहता त्यांनी तिकीट लावून जलसे केले आणि ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. पुढे मुंबईतली विद्यालयाची इमारत कर्जापायी गेली, तरी शिकवणं थांबलं नाही.

तुमच्याच गावात कृष्णराव शंकर पंडितांनी १९१४ मध्ये, वयाच्या विशीतच, वडिलांच्या नावानं शंकर गांधर्व महाविद्यालय सुरू केलं. १९१८ मध्ये संगीतशास्त्रकार भातखंड्यांच्या पुढाकारानं माधव संगीत महाविद्यालय उभं राहिलं आणि गवयाला दरमहा पगाराची वाट खुली झाली. मैफलीवर घर चालणं तेव्हाही दुर्मीळच. घर चाललं ते बहुधा शिकवण्यावर, आणि शिकवता शिकवता गाणंही पक्कं झालं.

आजच्या वाटाही सांगतो. १८ ते २५ वयाच्या कलाकारांसाठी केंद्रीय संस्कृती मंत्रालयाची दोन वर्षांची शिष्यवृत्ती असते, दरमहा ५,००० रुपयांची. आकाशवाणीची श्रवणचाचणी देता येते. महाविद्यालयात शिकवायचं असेल, तर पदव्युत्तर शिक्षण आणि सहसा 'नेट' ही पात्रता परीक्षा लागते. आणि आजपासून हाताशी आहे ती शिकवणी.

शिकवणीचे पैसे मागायला जीभ रेटत नाही, हे मला ठाऊक आहे. त्यासाठी खाली दुकानात जाऊन बसा. वडील सोन्याचा भाव वेगळा सांगतात आणि घडणावळ वेगळी लावतात. गिऱ्हाईक घासाघीस करतं, पण घडणावळ मागितली म्हणून त्यांना कुणी लोभी म्हणत नाही. तुमच्या विद्येचं मोल कुणी करू नये, तुम्हीही नाही. पण आठवड्यातले दोन तास तुम्ही कुणाच्या मुलाचा सूर लावण्यात घालवता, ती तुमची घडणावळ आहे. ती किती असावी, हे आज रात्री जेवताना वडिलांनाच विचारा. त्या प्रश्नानं तुमचं गाणं त्यांना पहिल्यांदाच आपल्या धंद्यासारखं, कष्टाचं वाटेल.