लायब्ररीतल्या गप्पांना जाशील तेव्हा

बाळ, व्हिसा लागला, बॅगा भरल्या, लोणच्याची बरणी तीन पिशव्यांत गुंडाळून झाली. आता मावशीचं जरा ऐक. जावईबापू सकाळी ऑफिसला गेले की न्यू जर्सीतल्या त्या शांत घरात तू आणि डिशवॉशर, दोघीच उराल. म्हणून किराणा दुकानाच्याही आधी गावची पब्लिक लायब्ररी शोध. तिथल्या कितीतरी लायब्रऱ्यांत बाहेरून आलेल्यांसाठी आठवड्यातून एकदा गप्पांचा ग्रुप भरतो. एखादे निवृत्त मास्तर किंवा बाई, कोरियातून, कोलंबियातून, युक्रेनमधून आलेली चार माणसं आणि समोर एक विषय. पैसे लागत नाहीत, व्हिसा कोणता हेही कुणी विचारत नाही. ‘माझं इंग्लिश चांगलं आहे, मला कशाला हवं?’ असं म्हणशील, ओळखते मी तुला. इंग्लिशसाठी नकोच जाऊस. तिथली माणसं अशी का वागतात ते समजून घ्यायला जा.

१. पहिल्या पंधरवड्यातच जा, घर लागायची वाट बघू नकोस — एकटेपणा अंगवळणी पडला की चप्पल पायात घालायचाही कंटाळा येतो. पाण्याआधी पोहरा, गरजेआधी चेहरा.

२. भाडेकरारावर तुझंही नाव घालायला लाव — लायब्ररीचं कार्ड काढताना राहत्या पत्त्याचा पुरावा मागतात, आणि सगळे कागद नवऱ्याच्या नावावर असले की काउंटरवरून परत यावं लागतं.

३. दहाची वेळ असेल तर दहाला पाच कमी असताना खुर्चीवर बसलेली अस — उशीर म्हणजे त्यांच्या लेखी समोरच्याची किंमत नसणं. घड्याळ पाळलं की नातं पळत नाही.

४. मराठी बोलणारी कुणी भेटली तर तिला घरी जेवायला बोलाव, पण ग्रुपमध्ये तिच्या शेजारी बसू नकोस — दोघींची पुण्या-नाशिकची गाडी सुटली की बाकीचं टेबल परकं राहतं.

५. पगार, वय, वजन आणि ‘पाळणा कधी?’ हे विषय तू काढू नकोस — आपल्याकडची आपुलकी तिथं आगाऊपणा ठरते. हवा, कुत्री आणि मुलांची शाळा यांवर मात्र खुशाल तासभर बोल.

६. ‘कधीतरी भेटू या’ म्हणालं कुणी तर घरी येऊन डब्याची तयारी करू नकोस — तारीख आणि वेळ ठरेपर्यंत ते नुसतं गोड बोलणं असतं. पण खरंच तारीख दिली तर नक्की जा, असं बोलावणं मनापासूनचं असतं. १८८३ मध्ये आनंदीबाई जोशी गेल्या त्या तुझ्याच न्यू जर्सीत, रोझेलच्या कार्पेंटरबाईंकडे; आनंदीबाईंचे पती गोपाळराव यांचं एका मासिकात छापलेलं पत्र वाचून त्या बाईंनी आपणहून ओळख काढली होती.

७. ऑफिसात किंवा शेजारी विचारायला संकोच वाटतो ते सगळं इथं विचार — मूल किती वयापासून एकटं घरी ठेवता येतं, दारापुढच्या फुटपाथवरचं बर्फ कुणी काढायचं, हे कळायला उशीर झाला तर दंड होतो किंवा पोलीस दारात येतात. आणि हे एक आत्ताच पाठ कर: पोलिसानं गाडी थांबवली तर खाली उतरायचं नाही, दोन्ही हात स्टिअरिंगवर दिसतील असे ठेवून बसून राहायचं. आपल्याकडे उतरून साहेबांशी बोलायची रीत आहे. तिथं त्यानं जिवावर बेतू शकतं.

८. सगळ्यांनी एकेक पदार्थ आणायचा दिवस आला की साबुदाण्याच्या खिचडीपुढे ‘यात शेंगदाणे आहेत’ अशी ठळक चिठ्ठी ठेव — शेंगदाण्याची ॲलर्जी जीव घेऊ शकते, आणि आपल्या कुटाचा संशयही कुणाला येत नाही.

९. तुझे मोदक खाऊन ‘आमच्या पार्टीला करून दे, पैसे देते’ म्हणेल कुणी. एच-४ व्हिसावर वर्क परमिट हातात नसेल तर हसून नाही म्हण — थोड्या डॉलरांपायी पुढची सगळी कागदपत्रं अडतात. व्हिसाचा सल्लाही ग्रुपमध्ये घेऊ नकोस, वकिलाकडे जा — ‘माझ्या मैत्रिणीचं झालं’ हा काही कायदा नव्हे.

१०. असे काही वर्ग चर्चमध्येही भरतात. मनात किंतू न धरता जा, आणि पुढे बायबल वाचनाला बोलावलं आणि नको वाटलं तर साधं ‘नो, थँक यू’ म्हण — स्पष्ट नकाराचा तिथं राग मानत नाहीत, न सांगता गैरहजर राहण्याचा मानतात.

११. थँक्सगिव्हिंगला, म्हणजे नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी, कुणी घरी बोलावलं तर पोटभर जेव, आणि पुढच्या ग्रुपमध्ये त्या सणाची दुसरी बाजूही विचार — त्याच दिवशी मॅसॅच्युसेट्समधल्या प्लिमथला तिथले मूळ रहिवासी १९७० पासून शोकदिन पाळतात.

१२. टेबलावर कुणी कृष्णवर्णीय आजी-आजोबा असतील तर त्यांच्याजवळ बस आणि कमी बोल — आपण तिथं आहोत त्यात त्यांच्या लढ्याचा वाटा आहे. १९४६ च्या कायद्यानं कायमचं राहायला वर्षाला फक्त १०० भारतीयांना वाव दिला होता. १९६४ चा नागरी हक्क कायदा झाला आणि त्याच वाऱ्यात १९६५ चा स्थलांतराचा कायदा आला, तेव्हा आपल्यासारख्यांना वाट मिळाली. हे आपल्याच लोकांना ठाऊक नसतं, याचं मला फार वाईट वाटतं.

१३. कुणी जातीबद्दल विचारलं तर ‘आता तसलं काही राहिलं नाही’ म्हणून विषय उडवू नकोस, खरं सांग — त्यांच्या वर्णभेदावर मोकळेपणी बोलायचं आणि आपलं झाकायचं, हे बरं नाही. १९१३ ते १९१६ कोलंबिया विद्यापीठात शिकलेल्या बाबासाहेबांनी १९४६ मध्ये कृष्णवर्णीयांचे नेते ड्यू बॉइस यांना स्वतः पत्र लिहिलं होतं. दोन्ही समाजांच्या स्थितीतलं साम्य त्यांना दिसत होतं.

१४. मत कुणाला दिलं ते विचारू नकोस, मत असं का झालं ते विचार — पहिल्या प्रश्नावर माणूस मिटतो, दुसऱ्यावर आपली हकिगत सांगतो.

१५. एका बाईंनी सांगितलं म्हणजे सगळी अमेरिका तशी, असं धरून चालू नकोस — टेक्सासचा माणूस आणि बॉस्टनचा माणूस एकाच प्रश्नाला दोन टोकांची उत्तरं देतात, आणि दोघंही खरं बोलत असतात.

१६. एक वही कर आणि ऐकलेलं त्याच रात्री मराठीत उतरव — पंडिता रमाबाई १८८६ मध्ये तिकडे गेल्या आणि १८८९ मध्ये त्यांनी अमेरिकेच्या लोकस्थितीवर मराठीत पुस्तकच लिहिलं. शाळांचं, बायकांच्या संस्थांचं त्यांनी मनापासून कौतुक केलं आणि कृष्णवर्णीयांवरचा अन्यायही झाकला नाही. तू पुस्तक लिही असं नाही म्हणत गं, पण निदान पानभर लिही.

पहिल्या दिवशी जाऊन आलीस की मला फोन कर. तुझी सकाळ असेल तेव्हा कर, इथं संध्याकाळ असते आणि मी मोकळी असते.