‘काका, तो साइज आता येतच नाही’

३.२५-१९ हा टायर मिळतो. जुन्या बुलेटला पुढे-मागे दोन्हीकडे लागणारा, कंपनीनंच वर्षानुवर्षं बसवलेला हा साइज आपल्या छत्रपती संभाजीनगरात मिळतो. मी स्वतः नंतर विकत आणलाय, बिल घरात आहे. हे सगळ्यात आधी लिहून टाकतो, कारण माझा सगळा मनस्ताप ‘काका, तो साइज आता येतच नाही’ या एका वाक्यापासून सुरू झाला आणि ते वाक्य धडधडीत खोटं होतं. १९८५ पासून वाळूजला बजाजच्या गाड्या बनतायत, त्याच वाळूजला गुडइयरचा टायरचा कारखाना आहे. दुचाकी आणि टायर या दोन्हींवर ज्या शहरातल्या कितीतरी घरांच्या चुली पेटल्या, तिथला दुकानदार गिऱ्हाइकाच्या तोंडावर असं बोलतो, याचा राग माझ्या मनातून अजून जात नाही.

गाडी वडिलांची, १९७२ची. मागच्या टायरला बाजूनं भेगा पडल्या होत्या, तो बदलायचा, एवढंच काम होतं. दुकानदारानं नव्या मॉडेलचं रुंद चाक दाखवलं. १८ इंची रिम आणि १२०/८०-१८ टायर. ‘हब तुमचाच राहील, फक्त रिम आणि टायर बदलू. उंची तीच राहते, ग्रिप डबल. गाडी कशी भरलेली दिसेल बघा!’ मी तिथेच विचारलं होतं, चेनला लागणार नाही ना? त्याच्या दुकानातल्या पोरांसमोर विचारलं होतं. ‘कितीतरी गाड्यांना बसवलाय काका, टेन्शन घेऊ नका.’ आता तोच माणूस म्हणतो की काकांनाच रुंद टायर हवा होता.

उंचीबद्दल तो खरं बोलला, हेही सांगायला हवं. ३.२५-१९ आणि १२०/८०-१८ या दोन्हींची उंची भरते जवळपास ६५ सेंटिमीटर. त्यामुळे डबल स्टँडवर गाडी आधीसारखीच उभी राहते आणि गिऱ्हाइकाला वाटतं, सगळं जुळलं. फसगत असते ती रुंदीत. जुना टायर साधारण ८३ मिलिमीटर रुंद, नवा १२०. म्हणजे दोन्ही बाजूंना अठरा-अठरा मिलिमीटर जास्त. बुलेटची चेन डावीकडे. तिथे टायर आणि चेन यांच्यात आधीच जेमतेम जागा असते. एवढं साधं गणित टायर विकणाऱ्याला येत नसेल, यावर माझा विश्वास नाही.

त्याच्या मिस्त्रीलाही ते कळलं होतं, हे मला पुढे समजलं.

गाडी घरी आणली तेव्हापासून हँडल एका बाजूला ओढत होतं. फोन केला तर म्हणाला, नवीन टायर आहे, शंभर-दोनशे किलोमीटर चालू द्या, बसेल. त्यात पंक्चर सुरू झाले. रस्त्यावर खिळा नाही, काच नाही, टायरला बाहेरून ओरखडासुद्धा नाही, तरी ट्यूब बसलेली. पंक्चरवाल्यानं ट्यूब दाखवली. सगळी भोकं आतल्या, रिमकडच्या बाजूला. तरीही मी दुकानदारावर भरवसा ठेवला, कारण भरवसा ठेवूनच माणूस अशा दुकानात जातो.

मग आम्ही दोघं खुलताबादला निघालो. दौलताबादचा किल्ला मागे टाकून घाट चढायला लागलो आणि मागून खरखर ऐकू यायला लागली. वळणावर गाडी आडवी झाली की खरखर वाढायची, सरळ झाली की कमी. वर पोचेपर्यंत रबर जळल्याचा वास. गाडी बाजूला घेऊन बघितलं तर टायरच्या डाव्या बाजूला गोल फिरलेली चर. चेनकव्हरची आतली कड टायर तासत होती. बारकाईनं पाहिल्यावर दिसलं की कव्हर हातोडीनं ठोकून बाहेर वाकवलेलं होतं आणि ठोकल्याच्या जागी काळा रंग मारलेला होता. पत्नी मागे बसली होती. ती चर आणखी खोल गेली असती आणि उतारावर टायर फुटला असता तर काय झालं असतं, हा विचार आजही अंगावर येतो.

दुसऱ्या दिवशी गाडी टेम्पोत घालून शहागंजच्या बाजूच्या एका वयस्कर उस्तादांकडे नेली. त्यांनी पाना उचललाच नाही. आधी लांब दोरा मागितला. मागच्या टायरच्या दोन्ही बाजूंना टेकवून तो पुढच्या चाकापर्यंत ताणला, हँडल सरळ धरायला मला सांगितलं. मागचा टायर रुंद असेल तर पुढच्या टायरच्या दोन्ही बाजूंना दोऱ्यापासून सारखी फट राहायला हवी. उजवीकडे माझी दोन बोटं आरामात जात होती. डावीकडे दोरा टायरला चिकटला होता. म्हणाले, ‘साहब, चेन सरळ चालतेय, म्हणजे चाक तिरकं बसलेलं नाही. रिमच हबवर उजवीकडे सरकवून बांधली आहे.’ चेनला टायर लागू नये म्हणून स्पोक एका बाजूला जास्त ओढून अख्खी रिम मधल्या रेषेवरून हलवली होती. गाडीचं पुढचं चाक एका रेषेत, मागचं दुसऱ्या. कितीही किलोमीटर चालवली असती तरी ती ‘बसणार’ नव्हती.

मग त्यांनी टायर उतरवला. आत १९ इंची रिमचेच जुने स्पोक. १८ इंचीला ते लांब पडतात, म्हणून टोकं निप्पलच्या बाहेर येऊन रिमच्या रबरी पट्टीतून वर आलेली. पंक्चरचं कारण तेच. बिलात नव्या स्पोकचे पैसे लावले होते.

दुकानदाराचं उत्तर ऐका. ‘काका, जुनी गाडी आहे, थोडंफार चालायचंच.’ मी दोऱ्याची गोष्ट सांगितली तर पोरांकडे बघून हसला. आणि मूळ रिम? ती मागितली तर म्हणाला, भंगारात गेली. न विचारता. बावन्न वर्षं माझ्या वडिलांनी आणि मी पुसून ठेवलेली रिम.

आता ज्यांच्याकडे जुनी बुलेट आहे त्यांच्यासाठी. मागे थोडा जाड टायर हवाच असेल तर त्याच १९ इंची रिमवर ३.५०-१९ पर्यंत थांबा. गाडी मागून साधारण सहा मिलिमीटर उंच होते, डबल स्टँडवर चाक जमिनीपासून थोडं कमी उचललं जातं, बाकी त्रास सहसा होत नाही. तरी बसवल्यावर मागे माणूस बसवून टायर आणि चेनमधली फट बघा, रिकाम्या गाडीवर दिसणारी फट खरी नसते. जुन्या बुलेटची रिम १.८५ इंच रुंद. १२० च्या टायरला अडीच ते तीन इंचांची रिम लागते. अरुंद रिमवर रुंद टायर चढवला की त्याच्या कडा आत ओढल्या जातात, मधला भाग फुगून वर येतो आणि रस्त्याला टेकणारा पट्टा वाढायच्या ऐवजी कमी होतो. म्हणजे ज्या ग्रिपसाठी पैसे मोजले तीच जाते. आणि ब्रेक? गाडीला ड्रम ब्रेकच आहेत. टायर रुंद केला म्हणून ड्रमला जास्त जोर येत नाही. येतो असं कोणी गळी उतरवायला लागलं तर तिथून निघा.

रिमची इंची बदलली की स्पोक नवीन आणि त्याच मापाचे. टायर चढवण्याआधी रिमच्या आतून बोट फिरवा, टोक हाताला लागलं तर तिथेच थांबवा. गाडी ताब्यात घेताना दोरा सोबत न्या, दुकानातच ताणा. दुकानदार नाराज झाला तर होऊ द्या. टायरच्या बाजूला चार आकडी तारीख असते, ३२२३ म्हणजे २०२३ सालचा बत्तिसावा आठवडा. वर्षानुवर्षं पडून राहिलेला टायर ‘नवा’ म्हणून घेऊ नका. पक्कं बिल घ्या, हवा तपासत राहा, ओळखीचा मिस्त्री बघा. हे सगळ्यांना माहीत असतं, तरी लिहितो.

कागदांचंही बघा. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. नोंदणीपत्रातल्या तपशिलाशी न जुळणारे बदल गाडीत करता येत नाहीत. काही बदल केलाच तर विमा कंपनीला आधी कळवलेलं बरं. आणि २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपात राखलेल्या गाड्यांची ‘विंटेज’ म्हणून नोंदणी करता येते. आधीच नोंदलेल्या गाडीला जुना क्रमांक ठेवता येतो, नव्यानं नोंदणी होणाऱ्या गाडीला ‘व्हीए’ मालिकेचा वेगळा क्रमांक मिळतो. शुल्क वीस हजार, मुदत दहा वर्षं, नूतनीकरणाला पाच हजार. माझी गाडी २०२२ मध्ये त्या वयात आली, मला तिची तशी नोंदणी करायची आहे. नियमात चासी, बॉडी आणि इंजिन यांची नावं आहेत, टायरचं नाही. पण विंटेज गाड्यांच्या प्रदर्शनात परीक्षक खाली वाकून चाक बघतात. मूळ रिम गेली ती गेलीच, तिच्या जागी कुठूनही आणलेली दुसरी बसवली तरी ती या गाडीची नाही.

रुंद चाकाचा फारच सोस असेल तर वेगळा हब घेऊन दुसरं चाकच बनवून घ्या आणि मूळ चाक आहे तसं घरी टांगून ठेवा. काढलेला प्रत्येक भाग, रिम, स्पोक, फाटका टायरसुद्धा, त्याच दिवशी दुकानातून उचला. गंजलेल्या रिमला पुन्हा क्रोम करता येतो. काय काय परत मिळालं ते बिलावर लिहून घ्या. माझ्या बिलावर तसं लिहिलेलं नाही आणि तो दुकानदार आता त्याच गोष्टीचा आधार घेतोय. ग्राहक आयोगात तक्रारीला दोन वर्षांची मुदत असते, १९१५ या क्रमांकावर आधी माहिती मिळते. माझ्याकडे उस्तादांसमोर काढलेले फोटो आहेत, वाकवलेलं चेनकव्हर आहे, चर पडलेला टायर आहे. नोटीस गेली आहे. त्यात पैशांच्या आधी मी रिम मागितली आहे.