शुक्राकडे निघाले, पृथ्वीवरच पडले

३१ मार्च १९७२ रोजी सोव्हिएत रशियाने शुक्राकडे एक यान सोडले. पण रॉकेटचे इंजिन लवकर बंद पडले आणि यान पृथ्वीभोवतीच फिरत राहिले. त्याचे नाव कॉसमॉस ४८२. वरच्या विरळ हवेला घासून घासून ते हळूहळू खाली येऊ लागले.

पडणारी याने बहुतेक हवेतच जळतात. पण याचा सुमारे ५०० किलोचा गोळा शुक्रावरची भयंकर उष्णता सोसायला केलेला. तो न जळता पडला तर? गोफणीतून सुटलेला दगड वळवता येतो का? तसेच हे. कुठे पडेल, कोणालाच नक्की सांगता येईना.

१० मे २०२५ ला, ५३ वर्षांनी, तो पडला. हिंदी महासागरात पडला, असे रशियाने सांगितले. कोणाला लागले नाही. पृथ्वीवर पाणीच जास्त, म्हणून धोका कमी असतो. तरीपण वर सोडण्याआधीच खाली कसे आणायचे, ते ठरवायला पाहिजे.