नाव हाच पत्ता

प्रस्तावना

कागद जपून ठेवणे आणि हवा तेव्हा तो हाती लागणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पूर्वी घरातील महत्त्वाचे कागद ट्रंकेत किंवा कपाटाच्या खणात असत. आज त्यांपैकी बरेच कागद छायाचित्राच्या किंवा पीडीएफच्या रूपात, इंटरनेटने जोडलेल्या दूरच्या संगणकांवर साठवले जातात. या सोयीला ‘क्लाउड’ म्हणतात. मोबाइल हरवला तरी तेथील कागद सुरक्षित राहतो. परंतु शेकडो फाइलींमधून तो शोधावा लागतो. हा शोध प्रामुख्याने फाइलीच्या नावावरून घेतला जातो. म्हणून नाव देणे हेही एक भाषिक कौशल्य आहे.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्ही –
• फाइलीच्या नावावरून शोध कसा घेतला जातो ते सांगू शकाल;
• नावाने शोध व मजकुराने शोध यांतील फरक स्पष्ट करू शकाल;
• आपल्या कागदपत्रांना अर्थपूर्ण नावे देऊ शकाल.

१. दप्तराची परंपरा

कागद सापडावा म्हणून त्याची मांडणी करणे ही काही नवी गोष्ट नाही. पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दप्तराचे मोडी कागद कापडी रुमालांत बांधून ठेवलेले आहेत. त्यांतील निवडक कागदांचे ४५ खंड गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली १९३० च्या दशकात प्रसिद्ध झाले. अफाट दप्तरातून निवडून, विषयवार लावलेले कागद त्यामुळे अभ्यासकांना सहज उपलब्ध झाले. १९३१ मध्ये एस. आर. रंगनाथन यांनी ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मांडली. वाचकाचा वेळ वाचवावा, असे त्यांतील चौथे सूत्र सांगते. रुमाल असो वा क्लाउड, तत्त्व तेच आहे.

२. शोधसाधन कसे काम करते?

गूगल ड्राइव्ह ही क्लाउड सेवा २०१२ मध्ये सुरू झाली. तिच्या पडद्यावर वरच्या बाजूस शोधचौकट असते. तेथे एखादा शब्द लिहिला की तो शब्द नावात असलेल्या फाइली समोर येतात. ही सेवा केवळ नावच नव्हे, तर अनेक फाइलींच्या आतील मजकूरही तपासते. त्यामुळे ‘दाखला’ एवढाच शब्द लिहिल्यास, ज्या पत्रात दाखल्याचा नुसता उल्लेख आहे तेही यादीत येऊ शकते. केवळ नावातच शोध घ्यायचा असेल, तर ‘टायटल’ हा इंग्रजी शब्द रोमन लिपीत लिहावा, त्यापुढे अपूर्णविराम (:) द्यावा आणि लगेच हवा असलेला शब्द लिहावा.

समजा, बडोद्यात नोकरी करणाऱ्या एका विद्यार्थिनीला प्रवेशअर्जासाठी दहावीची गुणपत्रिका जोडायची आहे. अर्जाची मुदत आज सायंकाळी संपते. गुणपत्रिकेचे छायाचित्र तिने दोन वर्षांपूर्वीच क्लाउडवर ठेवले आहे. मात्र त्याचे नाव मोबाइलने आपोआप दिलेले, अक्षरे आणि आकडे यांची नुसती माळ असलेले आहे. नावात ‘गुणपत्रिका’ हा शब्दच नाही. अशा वेळी नावावरून शोधणारे साधन निरुपयोगी ठरते. कागद जवळ असूनही ती रिकाम्या हाताने राहते. साधनाची मदत मिळण्यासाठी आपणही आधी त्याला मदत केलेली असली पाहिजे.

३. चांगले नाव कसे असावे?

(अ) काय, कोणाचे, कधीचे – या तीन प्रश्नांची उत्तरे नावात असावीत. ‘स्कॅन १’ किंवा ‘नवीन’ यांपेक्षा ‘गुणपत्रिका-दहावी-सुनंदा-२०२३’ हे नाव कितीतरी बोलके आहे.

(आ) शब्द सुटे लिहावेत. ‘गुणपत्रिकादहावी’ असे जोडून लिहिल्यास ‘दहावी’ या शब्दाने ती फाइल सापडेलच असे नाही. दोन शब्दांमध्ये मोकळी जागा किंवा लहान रेघ ठेवावी.

(इ) दिनांक वर्ष-महिना-दिवस या क्रमाने लिहावा, जसे, २०२४-०६-१५. फाइली नावानुसार लावल्या की त्या आपोआप कालक्रमाने येतात.

(ई) शब्द व लेखन एकच ठेवावे. आज ‘गुणपत्रिका’, उद्या ‘मार्कशीट’ असे लिहिले तर दोन्ही शब्दांनी शोध घ्यावा लागेल. ‘गुणपत्रिका’ ऐवजी ‘गुणपत्रीका’ लिहिले गेले, तर माणूस ते समजून घेतो. अक्षरे जुळवून पाहणारे साधन समजून घेईलच असे नाही. ऱ्हस्व-दीर्घाचे नियम येथे प्रत्यक्ष उपयोगी पडतात.

४. डिजिलॉकर आणि दक्षता

भारत सरकारची डिजिलॉकर ही सेवा २०१५ मध्ये सुरू झाली. तिच्यात दोन प्रकारचे कागद असतात. संबंधित संस्थेने थेट दिलेले कागद २०१६ च्या नियमांनुसार मूळ प्रतीच्या बरोबरीचे मानले जातात. आपण स्वतः चढवलेल्या प्रतींना तो दर्जा नसतो. त्यांची नावे नीट ठेवण्याची जबाबदारीही आपलीच असते.

नावात आधार क्रमांक किंवा पासवर्ड कधीही लिहू नये. कारण फाइल दुसऱ्याला पाठवताना तिचे नावही त्याच्या नजरेस पडते. गूगल ड्राइव्हमध्ये काढून टाकलेली फाइल कचरापेटीत ३० दिवस राहते, त्यानंतर ती कायमची नष्ट होते. फाइल सापडत नसेल तर प्रथम तेथे पाहावे.

पाठगत प्रश्न

१. नावाने शोध व मजकुराने शोध यांत कोणता फरक आहे?
२. दिनांक लिहिताना वर्ष आधी का लिहावे?
३. डिजिलॉकरमधील दोन प्रकारचे कागद कोणते?

तुम्ही काय शिकलात?

• शोधसाधन आपण दिलेल्या नावातील शब्द जुळवून पाहते.
• सुटसुटीत, शुद्ध व एकसारख्या नावांमुळे कागद लवकर सापडतो.
• खाजगी क्रमांक नावात लिहिणे धोक्याचे असते.

स्वाध्याय

१. ‘शुद्धलेखन केवळ परीक्षेपुरते नसते.’ पाठाच्या आधारे हे विधान सात-आठ वाक्यांत स्पष्ट करा.
२. जन्मदाखला, शिधापत्रिका आणि वीजबिल यांच्या फाइलींना योग्य नावे सुचवा.
३. तुमच्या मोबाइलमधील कोणत्याही पाच कागदपत्रांची नावे बदला. नंतर प्रत्येक कागद केवळ नावावरून शोधून पाहा आणि आलेला अनुभव आपल्या वहीत लिहा.