तयार लेन्स बसत नाही अशा डोळ्यांसाठी

प्रश्न : मुलगा एकोणीस वर्षांचा आहे, डिप्लोमाला. दोन वर्षांत चष्म्याचा नंबर सारखा बदलतोय, तरी त्याला फळ्यावरची अक्षरं दुहेरी दिसतात, रात्री समोरच्या गाडीचे दिवे फाकलेले दिसतात. सोलापूरला दाखवलं तेव्हा केराटोकोनस निघाला. सी-थ्री-आर करून घेतलं. आता डॉक्टर म्हणतात, माप घेऊन स्क्लेरल लेन्स बनवून घ्या. खर्च मोठा आहे आणि तीन-चार फेऱ्या होतील म्हणाले. चष्म्याच्या दुकानात डबीतल्या लेन्स कितीतरी स्वस्त मिळतात. मग याला त्या का चालत नाहीत? खरंच गरज आहे, की यात दवाखान्याचाच फायदा?
— एक आई, बार्शी

उत्तर : ताई, गरज आहे. आणि सी-थ्री-आर झाल्यावर लेन्सचा विषय काढणारे तुमचे डॉक्टर योग्य क्रमाने चालले आहेत.

केराटोकोनसमध्ये बुबुळावरचा पारदर्शक पडदा, म्हणजे कॉर्निया, पातळ होत जातो आणि शंकूसारखा पुढे येतो. निरोगी कॉर्निया मध्यभागी जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असतो, त्यात हा आणखी पातळ होतो. सी-थ्री-आरमध्ये रायबोफ्लेविनचे थेंब आणि अतिनील किरण वापरून त्यातले तंतू एकमेकांशी घट्ट बांधतात. त्याने आजार पुढे सरकायचा थांबतो, पण आलेला उंचवटा जात नाही आणि नंबरही जात नाही. ‘एवढं करूनही मुलाला दिसत नाही’ म्हणून अनेक घरांत निराशा होते. त्या उपचाराचं काम आजार थांबवण्याचं होतं, ते त्याने केलं. स्वच्छ दिसण्याचं काम आता लेन्सकडे आहे.

चष्मा कमी का पडतो? साध्या सिलिंड्रिकल नंबरमध्ये कॉर्नियाची वक्रता एका दिशेला जास्त आणि तिला काटकोनात कमी असते. या दोन दिशा चष्म्याच्या काचेत पकडता येतात. शंकू झालेल्या कॉर्नियाला मात्र दर मिलिमीटरला वेगळा उतार असतो. डबीतली सॉफ्ट लेन्स मऊ असल्याने त्या उंचसखल भागावर पडते आणि त्याचाच आकार घेते. खालचा वाकडेपणा वर जसाच्या तसा उमटतो. शिवाय ती लेन्स सर्वसाधारण डोळ्यासाठी बनलेली असते: व्यास साधारण १४ मिलिमीटर, वक्रतेचे एक किंवा दोन पर्याय, सिलिंडरचे मोजके टप्पे. तुमच्या मुलाचा डोळा त्या मापांत येत नाही, एवढाच याचा अर्थ.

स्क्लेरल लेन्स कडक असते आणि आकाराने मोठी, १५ ते १८ मिलिमीटरच्या आसपास, काही त्याहूनही मोठ्या. ती कॉर्नियाला टेकतच नाही. डोळ्याच्या पांढऱ्या भागावर तिची कड बसते आणि कॉर्नियावर कमानीसारखी ती उभी राहते. मधल्या पोकळीत सलाइन भरलेलं असतं. खड्ड्याखळग्यांच्या शेतात पाणी साचलं की वरचा पृष्ठभाग सपाट दिसतो ना, तसंच इथे घडतं. त्या द्रवाची प्रकाश वाकवण्याची क्षमता कॉर्नियाच्या जवळपास असल्यामुळे खालचा बराचसा खडबडीतपणा प्रकाशाच्या दृष्टीने पुसला जातो, आणि नजरेला लेन्सचा गुळगुळीत वरचा पृष्ठभाग मिळतो. चष्म्यावर मोठी अक्षरंसुद्धा न वाचणारी मुलं खुर्चीत बसल्या बसल्या तक्त्याच्या खालच्या ओळींपर्यंत येतात. हा बदल घडताना पाहणं हा या कामातला सगळ्यात मोठा आनंद आहे.

आता फेऱ्यांचं. पहिल्या भेटीत ट्रायल सेटमधली लेन्स सलाइनने काठोकाठ भरतात, त्यात फ्लुरोसीनचा नारिंगी रंग मिसळतात. मुलाने मान पूर्ण खाली घालायची, चेहरा जमिनीला समांतर, आणि लेन्स खालून वर नेऊन बसवायची. एक बुडबुडा राहिला तरी काढून पुन्हा. मग स्लिट लॅम्पच्या निळ्या उजेडात तो द्रव हिरवा चमकतो आणि लेन्स व कॉर्निया यांच्यातली फट डोळ्यांनी दिसते. ही फट सुरुवातीला मिलिमीटरचा चौथा हिस्सा किंवा त्याच्या आगेमागे असावी लागते, कारण लेन्स पुढच्या काही तासांत पांढऱ्या भागात हळूहळू रुतते आणि फट कमी होते. म्हणून तपासनीस तुम्हाला अर्धा-एक तास बाहेर बसवून परत आत बोलावतात. तो वेळ मोजमापाचाच भाग आहे. त्यानंतर कड पाहायची: कुठे रक्तवाहिन्या दाबून पांढऱ्या पडल्यात का, कुठे कड उचलली गेलीय का. डोळ्याचा पांढरा भागही सगळीकडून सारखा गोल नसतो, नाकाकडची बाजू बहुधा सपाट असते. म्हणून कडेची वक्रता दोन दिशांना वेगवेगळी मागवावी लागते आणि लेन्सवर खुणेचे ठिपके असतात, ते ठरल्या जागी यावे लागतात. हे सगळे आकडे प्रयोगशाळेत गेले की छोट्या चकतीतून, हिऱ्याच्या टोकाच्या संगणकीय लेथवर, एका माणसाच्या एका डोळ्यासाठी ती लेन्स कातली जाते. पहिलीच तंतोतंत बसेल असं नाही. एखादा बदल करून दुसरी मागवावी लागणं हे नेहमीचं आहे. पैशांचा मोठा भाग या कातकामाचा आणि खुर्चीतल्या वेळाचा असतो.

खरं तर माप घेऊन केलेली लेन्स हीच आधीची, डबीतली नंतरची. १८८८ साली झुरिकमध्ये अ‍ॅडॉल्फ फिक यांनी काचेच्या लेन्स आधी सशांच्या, मग स्वतःच्या आणि रुग्णांच्या डोळ्यांवर बसवल्या. त्या पांढऱ्या भागावरच टेकत आणि आत साखरेचं द्रावण भरलेलं असे. त्याच सुमारास पॅरिसमध्ये यूजीन काल्त केराटोकोनसच्याच रुग्णांना काचेच्या लेन्स लावून पाहत होते. काचेतून प्राणवायू जात नसल्याने त्या फार वेळ सोसत नसत. पुढे १९६१ च्या नाताळात प्रागमध्ये ओटो विख्टर्ले यांनी मुलांच्या मेकॅनो-छापाच्या खेळण्याच्या सुट्या भागांतून घरी यंत्र जोडलं आणि मऊ लेन्स ओतून दाखवल्या. स्वस्त, एकसारख्या लेन्सचं युग तिथून सुरू झालं. त्यात कोट्यवधींचं भलं झालं, पण वाकड्या कॉर्नियाचे लोक मागे राहिले. प्राणवायू सहज जाऊ देणारं कडक साहित्य आणि संगणकीय लेथ आल्यावर फिक यांचीच कल्पना पुन्हा वापरता आली.

दवाखान्याचा फायदा होतो का? होतो, आणि तो लपवण्यासारखा नाही. पण त्याआधी मुलाचा फायदा बघा. २०१८ साली बेल्जियममधल्या डॉक्टरांनी तीव्र केराटोकोनसवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. एरवी बुबुळ, म्हणजे हा कॉर्निया, बदलावं लागलं असतं अशा ५१ डोळ्यांपैकी ४० डोळ्यांचं स्क्लेरल लेन्सवर भागलं. आपल्याकडे नेत्रदानातून मिळणारी बुबुळं गरजेपेक्षा कमी पडतात, आणि बदललेलं बुबुळ शरीराने नाकारण्याची टांगती तलवार वर्षानुवर्षं राहते. कोवळ्या वयात ती शस्त्रक्रिया टळली तर मोठीच गोष्ट आहे.

खर्च वाचवायचा असेल तर डॉक्टरांना आधी विचारा, लहान आरजीपी लेन्स, ज्यांना आपल्याकडे सेमी-सॉफ्ट म्हणतात, त्या चालतील का. शंकू मध्यम असेल तर त्यांत पुष्कळांना छान दिसतं आणि त्या स्वस्त पडतात. खुपतात मात्र जास्त. पैसे भरण्याआधी आणखी दोन गोष्टी लिहून घ्या: लेन्स बसली नाही तर किती मुदतीत बदलून मिळेल, आणि फिटिंगची फी किमतीत धरली आहे की वेगळी.

मुलाला एवढं पक्कं सांगा. डोळे चोळायचे नाहीत, खाज येत असेल तर अ‍ॅलर्जीचे थेंब घ्यायचे. लेन्समध्ये बिनप्रिझर्व्हेटिव्ह सलाइनच भरायचं. नळाचं, फिल्टरचं, उकळलेलं, कुठलंही पाणी लेन्सला लावायचं नाही, कारण पाण्यातल्या अकँथामिबाचा संसर्ग बुबुळ खाऊन टाकतो. लेन्स घालून झोपायचं नाही. दुपारी धुरकट दिसू लागलं तर काढून, ताजं सलाइन भरून पुन्हा घालायची. आणि कॉर्नियाची टोपोग्राफी ठरल्या वेळी करतच राहायची, कारण लेन्स दृष्टी देते, आजार थांबवत नाही.

प्रश्न : मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे, तालुक्याच्या गावी छोटा दवाखाना आहे. लेन्सच्या डब्या लोक ऑनलाइन मागवतात. माप घेऊन लेन्स करून देण्याचं काम लहान जागी परवडेल का?
— एक वाचक, संगमनेर

उत्तर : परवडेल, पण स्क्लेरलपासून सुरुवात करू नका. तुमच्या दारी रोज येणारा रुग्ण जास्त सिलिंडरचा आहे. डबीतल्या टोरिक लेन्स बहुतेक सव्वादोन-पावणेतीनच्या सिलिंडरपर्यंत आणि अ‍ॅक्सिसमध्ये दहा-दहा अंशांच्या टप्प्याने मिळतात. चारचा सिलिंडर असलेल्याला ‘तुम्हाला लेन्स चालत नाही’ म्हणून सांगून परत पाठवलं जातं. खरं म्हणजे त्याला चालणारी लेन्स कुणी मागवलेलीच नसते. चारच्या सिलिंडरला अ‍ॅक्सिस पाच अंशांनी जरी चुकला तरी सुमारे पाऊण नंबर शिल्लक राहतो, दहा अंशांनी चुकला तर सिलिंडरचा सुमारे एक-तृतीयांश भाग. एका अंशाच्या अचूकतेने करून घेतलेली सॉफ्ट टोरिक इथे लगेच फरक दाखवते. तिला तुमचा स्लिट लॅम्प आणि केराटोमीटर पुरतो. त्यानंतर आरजीपी, आणि हात बसल्यावर स्क्लेरलचा ट्रायल सेट. टोपोग्राफीसाठी जिल्ह्याच्या नेत्ररुग्णालयाशी बोलून ठेवा. स्लिट लॅम्पवर मोबाइलने काढलेले फिटिंगचे फोटो प्रयोगशाळेच्या सल्लागाराला पाठवत जा. पहिल्या काही रुग्णांत ती मदत फार मोलाची असते.

डबीच्या किमतीत ऑनलाइन दुकानांशी तुमचा निभाव लागणार नाही, लावूही नका. फिटिंगची फी वेगळी, उघड आणि आधी सांगा. असा रुग्ण वर्षानुवर्षं तुमच्याकडे येतो, भावाबहिणीला घेऊन येतो, आणि नेत्रतज्ज्ञही तुमच्याकडे रुग्ण पाठवू लागतात. एक आग्रह मात्र धरते: लेन्सच्या सगळ्या मापांचा कागद रुग्णाच्या हातात द्या. नोकरीसाठी तो पुण्याला किंवा दुबईला गेला तर नव्या ठिकाणी त्याची सुरुवात शून्यापासून होऊ नये. बुबुळ बदललेला डोळा, कोरडा आणि वारंवार लाल होणारा डोळा, औषधाच्या रिअ‍ॅक्शननंतरचा स्टीव्हन्स-जॉन्सनचा डोळा यांना स्वतः हात घालू नका. हैदराबादचं एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थान किंवा चेन्नईचं शंकर नेत्रालय अशा ठिकाणी त्यांच्यासाठी खास विभाग आहेत.

प्रश्न : लहानपणी काडी लागून उजव्या डोळ्यात फूल पडलं. त्या डोळ्याने दिसत नाही. आता बावीस वर्षांची आहे. लोक बघत राहतात म्हणून फोटो काढत नाही. रंगीत लेन्सचा उपयोग होईल का?
— एक वाचक, सावंतवाडी

उत्तर : बाजारातली रंगीत लेन्स नको, ती फूल झाकण्यापुरती गडद नसते आणि तपासणीशिवाय घालणं धोक्याचं आहे. तुझ्यासाठी प्रोस्थेटिक लेन्स असते. चांगल्या डोळ्याचे उजेडात जवळून फोटो घेतात, बुबुळाचा रंग, कडेचं वर्तुळ, बाहुलीचा आकार जुळवून ती रंगवतात. ज्यांना त्या डोळ्याने थोडं दिसतं त्यांच्यासाठी बाहुली पारदर्शक ठेवतात. तुझ्या बाबतीत काळी रंगवतील, म्हणजे फूल पूर्ण झाकलं जाईल. बोलताना समोरच्याला फरक सहसा कळत नाही. डोळा आकसला असेल तर लेन्सऐवजी पातळ कवच बसवतात. आधी नेत्रतज्ज्ञांकडून डोळ्याचा दाब आणि आतली तपासणी करून घे आणि एकच प्रश्न विचार: बुबुळ बदलून या डोळ्याला दृष्टी मिळण्यासारखी आहे का? असेल तर आधी त्याचा विचार व्हावा. नसेल तर लेन्सचं माप द्यायला जा.